टाकी क्रमांक १४

६ ऑक्टोबर १९५७ च्या ‘चेल्याबिन्स्की राबोची’ या रशियन वृत्तपत्रात एक छोटी बातमी आली. आदल्या रविवारी रात्री दक्षिण उरलमधल्या अनेकांनी आकाशात लालसर, मधूनच निळसर होणारा उजेड पाहिला होता. तो ध्रुवीय प्रकाश होता, असा खुलासा वृत्तपत्राने केला. एरवी अशा बातमीची गावोगाव चर्चा झाली असती. पण दोनच दिवसांपूर्वी, ४ ऑक्टोबरला, स्पुतनिक अवकाशात गेला होता. अवघा सोव्हिएत संघ आकाशाकडे पाहत होता, तो त्या उपग्रहासाठी.

रविवारच्या त्या उजेडाचा ध्रुवाशी काही संबंध नव्हता. तो जमिनीतून वर गेला होता. किरणोत्सारी रसायनांनी भरलेली एक भूमिगत टाकी फुटली होती आणि तिच्यातली सामग्री धुरळा होऊन किलोमीटरभर उंच चढली होती. हे जगासमोर अधिकृतपणे मान्य करायला सोव्हिएत सरकारने जवळजवळ ३२ वर्षे घेतली.

जिथे हे घडले ते शहर नकाशावर नव्हते. त्याला चेल्याबिन्स्क-४० म्हणत. म्हणजे नाव दुसऱ्या शहराचे आणि पुढे टपालाचा क्रमांक. आजचे ओझ्योर्स्क ते हेच. जवळचे नकाशावर असलेले गाव किश्तिम, म्हणून इतिहासात या अपघाताची नोंद ‘किश्तिम दुर्घटना’ अशी झाली. हिरोशिमानंतर स्टालिनला अणुबॉम्ब हवा होता आणि तोही ताबडतोब. बेरियाची देखरेख, कुर्चातोव्हचे विज्ञान आणि हजारो कैद्यांची मजुरी यांवर उरलच्या तळ्यांमध्ये ‘मायाक’ कारखाना उभा राहिला. जून १९४८ मध्ये तिथली पहिली अणुभट्टी चालू झाली आणि २९ ऑगस्ट १९४९ रोजी पहिल्या सोव्हिएत बॉम्बची चाचणी झाली.

बॉम्बला लागणारे प्लुटोनियम अणुभट्टीतून आयते हाती येत नाही. भट्टीतून काढलेले युरेनियम नायट्रिक आम्लात विरघळवायचे आणि त्या द्रावणातून रासायनिक क्रियांनी प्लुटोनियम वेगळे करायचे, अशी ती पद्धत. हाती येते मूठभर प्लुटोनियम. मागे उरते ते आम्ल, क्षार आणि विखंडनातून तयार झालेली स्ट्रॉन्शियम, सीझियम, सेरियम, रुथेनियम अशी मूलद्रव्ये यांचे टनावारी द्रावण. ते नुसते विषारी नसते, स्वतःहून तापतही असते. अणूंचा ऱ्हास चालू असेपर्यंत त्यातून उष्णता निघत राहते. ती थांबवायचा उपाय नाही. काढून नेणे एवढेच माणसाच्या हातात असते.

मायाकच्या पहिल्या वर्षांत या उरलेल्या द्रावणाचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. ते सरळ तेचा नदीत सोडले जाई. १९४९ ते १९५६ या काळात सुमारे ७ कोटी ६० लाख घनमीटर दूषित पाणी आणि त्यासोबत साडेसत्तावीस लाख क्यूरी किरणोत्सार या नदीत गेला. काठची गावे तेच पाणी पीत, त्यातच गुरे धूत. १९५१ मध्ये मोजमापे झाली आणि परिस्थिती किती भीषण आहे ते कळले. मग कचऱ्याचा मोठा भाग कराचाय नावाच्या छोट्या तळ्याकडे वळवला गेला, आणि सर्वांत जहाल द्रावण टाक्यांत भरायचे ठरले. टाक्या ही तिथली सुधारणा होती, हे विसरून चालणार नाही. नदीत ओतण्यापेक्षा ते कधीही बरे.

१९५३ मध्ये या टाक्या वापरात आल्या. स्टेनलेस स्टीलच्या, प्रत्येकी ३०० घनमीटर मावणाऱ्या. जमिनीखाली आठेक मीटरवर काँक्रीटचे कप्पे, एकेका कप्प्यात एकेक टाकी, वर १६० टनांचे काँक्रीटचे झाकण. टाकी आणि कप्प्याची भिंत यांमधून थंड पाणी खेळवायचे, म्हणजे आतली उष्णता ते घेऊन जाईल. कागदावर ही रचना ठीकच होती.

वापरात तिचे दोष दिसू लागले. आतले द्रावण आटले की टाकी हलकी व्हायची आणि भोवतालच्या पाण्यात तरंगून वर उचलली जायची. त्या ताणाने नळांचे जोड सैल होत. आतले थेंब बाहेर झिरपत आणि थंड करणारे पाणीच किरणोत्सारी होऊन बसे. तापमान आणि पातळी दाखवणारी उपकरणे एकामागून एक बंद पडत गेली. ती दुरुस्त करायची तर माणसाला त्या कप्प्यांच्या मार्गिकेत उतरावे लागे आणि तिथला किरणोत्सर्ग इतका, की कोणी फार वेळ थांबूच शकत नसे. म्हणजे जिथे लक्ष ठेवणे सर्वांत गरजेचे, तिथेच लक्ष ठेवणे अशक्य, अशी मुळात बांधणी होती. पाणीही पुढे अखंड न खेळवता अधूनमधून सोडले जाऊ लागले.

१४ क्रमांकाच्या टाकीचे थंड करणे बंद पडले आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. चुलीवर विसरलेल्या आमटीचे जे होते तेच तिथे होऊ लागले. पाणी आटत गेले, तळाला ७० ते ८० टन माल सुकून घट्ट बसला आणि तापत तापत साडेतीनशे अंशांच्या आसपास पोचला. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. एक सोडियम नायट्रेट, म्हणजे खत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांना ओळखीचा असलेला चिली शोरा. दुसरी, मायाकच्या रासायनिक पद्धतीत वापरली जाणारी ॲसिटेटे. एक प्राणवायू पुरवणारा, दुसरे जळणारे. ओले असेपर्यंत दोघे एकत्र नांदतात. सुकवून तापवले की तोच सुरुंगाचा मसाला होतो.

२९ सप्टेंबर हा रविवार होता. त्या दुपारी पाळीवरच्या लोकांना टाक्यांच्या मार्गिकेत पिवळा धूर आणि असह्य उष्णता जाणवली. ते आत उतरले. धुरात काही दिसेना. विजेच्या तारांत बिघाड असावा असा तर्क करून बाहेर आले. थोड्याच वेळात, ४ वाजून २२ मिनिटांनी, टाकी फुटली. ७० ते १०० टन टीएनटीच्या बरोबरीचा तो स्फोट होता. १६० टनांचे झाकण उडून गेले. शहरातल्या मैदानावर त्या वेळी फुटबॉलचा सामना रंगला होता. धमाका ऐकू आला, पण आसपास कुठे ना कुठे बांधकामासाठी सुरुंग लावले जातच असत. सामना चालू राहिला.

हा अणुस्फोट नव्हता, हे स्पष्ट समजून घ्यायला हवे. तो निव्वळ रासायनिक स्फोट होता. फक्त जे उडाले त्यात २ कोटी क्यूरी किरणोत्सार भरलेला होता. त्यातला नऊ दशांश भाग जवळच पडला. उरलेले २० लाख क्यूरी ढगात गेले आणि नैर्ऋत्येकडून वाहणाऱ्या वाऱ्याने ते ईशान्येकडे नेले. वाऱ्याच्या दिशेमुळे खुद्द शहर बचावले. ढगाने मागे सोडलेला पट्टा ३०० किलोमीटरहून लांब होता. सुमारे २०,००० चौरस किलोमीटर प्रदेश आणि २ लाख ७० हजार माणसे त्याच्या छायेत आली. पहिल्या वर्षांत सेरियम-१४४ आणि झिर्कोनियम-९५ यांचा जोर होता. ती लवकर विरली. मागे राहिले स्ट्रॉन्शियम-९०. त्याचे अर्धायुष्य २९ वर्षांच्या आसपास, आणि शरीरात गेले की कॅल्शियमचे सोंग घेऊन ते हाडांत मुक्काम करते.

सर्वांत जवळची गावे बर्द्यानिश, सात्लिकोवो आणि गालिकायेवो. वस्ती मुख्यतः बश्किरांची. हजाराहून थोड्या अधिक माणसांना तिथून हलवायला आठवडा-दहा दिवस गेले. तोवर ती माणसे त्याच अंगणात झोपत होती, त्याच गाईंचे दूध पीत होती. मग सैनिक आले. अंगावरचे कपडे काढून घेतले गेले, गुरे गोळ्या घालून मारली गेली, घरे पाडून सामानासह पुरली गेली. कारण कोणी सांगितले नाही. पुढच्या दीड-दोन वर्षांत आणखी वीसेक गावे उठवली. एकूण १०,००० हून अधिक लोक विस्थापित झाले. रूस्काया काराबोल्का हे गाव उठवले गेले. शेजारचे तातारांचे काराबोल्का मात्र आहे तिथेच राहिले, आणि ते का राहिले हा प्रश्न तिथले रहिवासी पुढे कित्येक वर्षे विचारत आले. १९६६ मध्ये या पट्ट्याच्या मध्यभागी ‘पूर्व उरल राखीव निसर्गक्षेत्र’ घोषित झाले. माणसाला बंदी घालायला निसर्गरक्षणाइतके सोयीचे निमित्त दुसरे कुठे मिळणार? तसेही हा सगळा उद्योग ज्या खात्याकडे होता, त्याचे नाव होते ‘मध्यम यंत्रनिर्मिती मंत्रालय’.

ही बातमी फुटली ती एका जीवरसायनशास्त्रज्ञाच्या बोलण्याच्या ओघात. झोरेस मेद्वेदेव हे सोव्हिएत सत्तेला नकोसे झालेले शास्त्रज्ञ १९७३ पासून लंडनमध्ये होते. मायदेशाने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले होते. नोव्हेंबर १९७६ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकात त्यांनी सोव्हिएत विज्ञानजगतातल्या असंतोषावर लेख लिहिला आणि त्यात उरलच्या स्फोटाचा उल्लेख जाता जाता केला. पाश्चात्त्य देशांना हे केव्हाचे ठाऊक असणार, अशी त्यांची समजूत होती. १९५८ मध्ये त्यांचे गुरू क्लेचकोव्स्की यांनी त्या दूषित भागात निघालेल्या संशोधन केंद्रावर त्यांना बोलावले होते. गोपनीयतेच्या अटी नकोत म्हणून ते गेले नव्हते. त्यामुळे त्यांना प्रकरणाची माहिती होती, पण हातात कागद एकही नव्हता.

लेखावर गदारोळ उठला. ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाचे अध्यक्ष सर जॉन हिल यांनी ही कथा बकवास ठरवली. पुरलेल्या अणुकचऱ्याचा असा स्फोट होऊच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबरमध्ये इस्रायलला स्थायिक झालेल्या लेव तुमेरमन या शास्त्रज्ञाने मेद्वेदेवना दुजोरा दिला. १९६० मध्ये स्वेर्दलोव्स्क आणि चेल्याबिन्स्क यांच्या दरम्यान मोटारीतून जाताना त्यांनी रस्त्यावर पाट्या पाहिल्या होत्या: पुढचे ३० किलोमीटर थांबू नका, खिडक्या बंद ठेवा, वेगाने निघून जा. दोन्ही बाजूंना घरे नव्हती. नुसती धुराडी उभी होती.

तरीही साक्ष म्हणजे पुरावा नव्हे. मग मेद्वेदेव ग्रंथालयात जाऊन बसले. सोव्हिएत नियतकालिकांत साठच्या दशकाच्या मध्यापासून एका विषयावरचे शोधनिबंध वाढले होते: किरणोत्साराने दूषित झालेल्या जमिनीवर आणि पाण्यात राहणारे प्राणी, वनस्पती, मासे. जागेचे नाव कुठेच नाही. दूषित होण्याचे कारणही नाही; जणू संशोधकांनी प्रयोगासाठीच स्ट्रॉन्शियम शिंपडले होते. मेद्वेदेवनी आकडे तपासायला घेतले. एका निबंधातली दोन तळी कित्येक चौरस किलोमीटरची होती. दुसऱ्यात पाइक या शिकारी माशाचे नमुने मोठ्या संख्येने पकडले होते. पाइक लहान माशांवर जगतो. इतके पाइक काढूनही तळ्यातला समतोल ढळत नसेल तर तळे प्रचंड असायला हवे. प्रयोगासाठी एवढे मोठे तळे कोण विषारी करील? प्राण्यांच्या आणि झाडांच्या जातींची यादी जुळवली तर बोट उरलकडे जात होते. निबंधांतली वर्षे मागे मोजत गेले तर हिशेब १९५७-५८ पाशी येऊन थांबत होता. ज्या सेन्सॉरने जागा पुसली होती, त्याला मासे पुसता आले नव्हते. १९७९ मध्ये मेद्वेदेवचे पुस्तक आले. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे हाच शोध घेतला. जुने आणि नवे सोव्हिएत नकाशे शेजारी ठेवल्यावर त्या पट्ट्यातली कित्येक गावे नव्या नकाशांतून नाहीशी झालेली त्यांना दिसली.

या कहाणीचा दुसरा अर्धा भाग अमेरिकेत आहे. सीआयएला या अपघाताची कुणकुण साठच्या आगेमागेच लागली होती. १ मे १९६० रोजी अमेरिकन वैमानिक गॅरी पॉवर्सचे यू-२ हेरविमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले, ते याच कारखान्यांच्या पट्ट्याची छायाचित्रे टिपत निघाले होते. माहिती अधिकाराखाली १९७७ मध्ये सीआयएचे काही कागद बाहेर आले, तेव्हा कळले की त्यांच्या कपाटात हे अहवाल बरीच वर्षे पडून होते. शत्रूची एवढी मोठी चूक हाती असताना अमेरिकेने तिचा डांगोरा का पिटला नाही? आपल्याच अणुकारखान्यांबद्दल लोक प्रश्न विचारू लागतील ही भीती होती, असा तर्क टीकाकारांनी केला. हेतू काहीही असो, परिणाम एकच झाला. ज्यांना या अपघातातून सर्वांत जास्त शिकता आले असते, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

कारण तशाच टाक्या, कितीतरी अधिक संख्येने, अमेरिकेत होत्या. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड इथे १९४३ पासून प्लुटोनियमचा कारखाना होता. नागासाकीवरच्या बॉम्बचे प्लुटोनियम तिथलेच. तिथे एकूण १७७ भूमिगत टाक्या आहेत: १९४३ ते १९६४ मधल्या १४९ एकपदरी, पुढच्या २८ दुपदरी. आत सुमारे २० कोटी लिटर कचरा. युद्धाच्या धामधुमीत स्टेनलेस स्टील दुर्मीळ होते, म्हणून साधे पोलाद वापरले. आम्लाने साधे पोलाद खाल्ले जाते, म्हणून द्रावणात कॉस्टिक सोडा ओतून ते अल्कधर्मी केले. पोलाद वाचले, पण कचऱ्याचे आकारमान फुगले आणि त्यातून तळाला गाळ, वर मिठाची ढेप, त्यावर द्रव अशी थरांची सरमिसळ तयार झाली. एकपदरी टाक्यांचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे धरले होते. त्यांतल्या साठाहून अधिक टाक्या गळक्या ठरल्या.

१९७३ मधली टी-१०६ ची गळती सर्वांत मोठी. एप्रिल ते जून, सुमारे सात आठवडे ती टाकी गळत राहिली आणि साडेचार लाख लिटरच्या आसपास द्रव जमिनीत मुरला. गंमत अशी, की टाकीच्या पातळीच्या नोंदी या काळातही होत होत्या. आकडे कागदावर उतरत होते. ते वाचून ‘पातळी घसरते आहे’ असे म्हणणारा माणूस मधे नव्हता. मायाकमध्ये उपकरण मुके झाले होते. हॅनफर्डमध्ये ते बोलत होते, पण ऐकणारे कान नव्हते.

जून १९८९ मध्ये सोव्हिएत सरकारने अपघात मान्य केला आणि त्याच वर्षी व्हिएन्नात त्याचा तांत्रिक तपशील मांडला गेला: नायट्रेट, ॲसिटेट, सुकलेली टाकी, तापमान. हॅनफर्डच्या लोकांनी आपल्या टाक्यांच्या याद्या नव्याने चाळल्या. पन्नासच्या दशकात जागा वाचवण्यासाठी, सीझियम तळाला बसावे म्हणून, काही टाक्यांत सुमारे १४० टन फेरोसायनाइड घातलेले होते. तेही जळणारे, आणि शेजारी नायट्रेट. भरीस १०१-एसवाय ही दुपदरी टाकी दर शंभरेक दिवसांनी ढेकर देई: तळाच्या गाळात अडकलेला हायड्रोजन एकदम वर येई. एक ठिणगी पुरली असती. १९९० मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून धोकादायक टाक्यांची निगराणी-यादी बनवायला लावली. १०१-एसवायमध्ये १९९३ च्या जुलैत ढवळणारा पंप बसवला. त्याने वायू साचून न राहता थोडाथोडा सुटू लागला. फेरोसायनाइडचे नमुने काढून तपासले तेव्हा किरणोत्सर्ग आणि कॉस्टिक यांनी त्याचे वर्षांनुवर्षे विघटन होऊन गेल्याचे आढळले. १९९६ मध्ये तो धोका संपल्याचे जाहीर झाले. भीती खरी ठरली नाही. पण ती खरी की खोटी हे तपासायला कोणी चाळीस वर्षांत टाकीत नमुनापात्र सोडले नव्हते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध सांगायला ओढून ताणून दुवा जोडावा लागत नाही. तुर्भ्याचा प्लुटोनियम कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला आणि पुढे तारापूरलाही पुनर्प्रक्रियेचा कारखाना आला. इथलेही जहाल द्रावण काँक्रीटच्या भूमिगत कप्प्यांत, स्टेनलेस स्टीलच्या थंड ठेवलेल्या टाक्यांत साठवले जाते. फरक आहे तो पुढच्या पायरीत. हे द्रावण काचेच्या कच्च्या मालासोबत वितळवून काचेत कोंडायचे तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने ऐंशीच्या दशकात तारापूरला आणि २००२ मध्ये तुर्भ्याला वापरात आणले. तुर्भ्याच्या जुन्या द्रावणात गंधकाचे क्षार जास्त होते. ते नेहमीच्या काचेत नीट मिसळत नाहीत, म्हणून तिथे बेरियमयुक्त वेगळी काच बनवावी लागली. काच आटत नाही, गळत नाही, सुकून पेट घेत नाही. टाकीत कचरा जेवढा कमी काळ राहील तेवढा धोका कमी, हा मायाक आणि हॅनफर्ड दोन्हींचा धडा इथे तंत्रापुरता तरी गिरवला गेला आहे. माहितीच्या बाबतीत मात्र १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सरकारच्या हाती गोपनीयतेचे मोठे अधिकार दिले.

टाक्यांचा इतिहास पाहिला तर पोलादाच्या जाडीपेक्षा माहिती उघड असणे-नसणे हीच बाब अधिक निर्णायक ठरते. हॅनफर्डची एवाय-१०२ ही दुपदरी टाकी आतल्या पदरातून गळते आहे, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. वृत्तपत्रांनी ते छापले, राज्य सरकार केंद्राच्या मागे लागले, आणि २०१६-१७ मध्ये तिच्यातला जवळपास सगळा माल उपसून काढला गेला. त्याला लागलेली चार-पाच वर्षेही थोडी नव्हेत, आणि त्या परिसरातल्या बाकीच्या टाक्यांचे काम अजून कित्येक दशके पुरणारे आहे. पण गळक्या टाकीचे नाव सर्वांना ठाऊक होते, म्हणून ती रिकामी करण्याची जबाबदारी कोणाला तरी घ्यावीच लागली. मायाकच्या टाकीबद्दल अशी जबाबदारी घ्यायला कोणी बांधील नव्हते, कारण बाहेरच्या जगाच्या लेखी ती टाकीच नव्हती, आणि ते शहरही नव्हते.